मुखकर्करोग, जंतु आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे प्रतिजैविक : एका प्रश्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मुखकर्करोगाच्या रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक द्यावे, हे विधान ऐकावयास अगदी साधे वाटते. परंतु त्यात दोन भिन्न विचार एकत्र नांदत आहेत, आणि ते वेगळे केल्याखेरीज या विषयाचा इतिहास नीट उलगडत नाही.

पहिला विचार जखमेविषयीचा आहे. तोंड हे शरीरातील अत्यंत जंतुमय स्थान होय. जिभेवरील अथवा गालाच्या आतील गाठ काढताना, आणि त्याच वेळी मानेतील लसिकाग्रंथी काढताना, तोंडाची पोकळी आणि मानेतील निर्जंतुक ऊती यांच्यामधील पडदा फाटतो, लाळ जखमेत उतरते, जखम चिघळते. हे टाळण्यासाठी औषध द्यावयाचे. दुसरा विचार खुद्द अर्बुदाविषयीचा आहे. गाठीच्या आत जंतूंची वस्ती असते, आणि हे जंतु तेथे केवळ आश्रयाला आलेले नसून रोगाच्या वाढीस हातभार लावीत असावेत, असा संशय गेल्या दीड दशकात बळावला आहे. तो खरा असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी औषध देऊन गाठीतील जंतु कमी करणे हा रोगाच्या उपचाराचाच एक भाग ठरेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास सुमारे एक शतक लागले. दुसरा प्रश्न अद्याप खुला आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रश्नांचा मागोवा घेऊन असे दाखविण्याचा हेतू आहे की, जंतु दिसणे, जंतु मरणे आणि रोग्याचे हित होणे या तीन स्वतंत्र पायऱ्या आहेत. त्यांतील एकीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही. आणि ज्या ज्या वेळी तो लागू धरला गेला, त्या त्या वेळी वैद्यकशास्त्राची फसगत झालेली आहे.

२. तोंडातील जंतूंचा परिचय

तोंडातील जंतूंची ओळख जंतुशास्त्राच्या जन्माआधीची आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून, स्वतःच्या दातांवरील पांढरट थरात आपण भिंगातून असंख्य हलणारे जीव पाहिल्याचे कळविले. त्या निरीक्षणांतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. दातांवरील थर बाहेर काढून त्यात शिरका मिसळला असता ते जीव मरत. परंतु शिरक्याने नुसती चूळ भरली असता थरातील जीव जिवंतच राहत. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, शिरका थराच्या बाहेरील जीवांना मारतो, आतवर पोहोचत नाही. औषध जंतूला मारू शकते की नाही आणि औषध जंतूपर्यंत पोहोचते की नाही, हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हे या गृहस्थाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच जाणले होते.

पुढे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले अमेरिकन दंतवैद्य विलबी मिलर यांनी बर्लिन येथे तोंडातील जंतूंचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १८९० साली निघाला. तोंड हे अनेक रोगांचे उगमस्थान आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर जर्मनीत प्लाउट यांनी १८९४ साली व फ्रान्समध्ये व्हँसाँ यांनी १८९६ साली घशातील आणि हिरड्यांतील कुजणाऱ्या व्रणांमध्ये दोन्ही टोकांना निमुळते झालेले, चातीच्या आकाराचे दंडजंतु वर्णिले. हे अवायुजीवी, म्हणजे हवेवाचून वाढणारे जंतु होत. याच कुळातील फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या जंतूभोवती आजची चर्चा फिरत आहे. निरोगी माणसाच्या तोंडातही तो असतो, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी.

३. जखमेचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल देण्याची कला साध्य झाल्यावर जिभेचा कर्करोग काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. परंतु रोगी टेबलावर वाचला तरी पुढील काही दिवसांत दगावत असे. कुजकी लाळ व रक्त श्वासमार्गात उतरून होणारा फुप्फुसदाह आणि मानेतील जखमेचा पूयदोष ही त्याची मुख्य कारणे होती. लिस्टर यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेली कार्बॉलिक आम्लाची जंतुनाशक पद्धती हातापायांच्या जखमांत उपकारक ठरली. तोंडात मात्र तिचे फारसे चालेना, कारण येथे जंतु बाहेरून येत नव्हते, ते तेथेच राहत होते.

यावर बर्न येथील थिओडोर कोखर यांनी १८८० च्या सुमारास जो मार्ग काढला तो मुख्यतः यांत्रिक होता. जबड्याखालून छेद घ्यावयाचा, श्वासनलिकेस आधीच छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट करावयाची, आणि जंतुनाशकात भिजविलेल्या स्पंजाने घसा बंद ठेवावयाचा, असा तो मार्ग होता. लंडनचे हेन्री बटलिन यांनी १८८५ साली जिभेच्या रोगांवर ग्रंथ लिहून या शस्त्रक्रियांच्या परिणामांची चिकित्सा केली. अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मानेतील लसिकाग्रंथी समूळ काढण्याची पद्धती मांडली. अशा रीतीने शस्त्रक्रियेचा आवाका वाढत गेला. परंतु जंतूंवर थेट मारा करील असे औषध शल्यविशारदांच्या हाती नव्हते.

ते औषध आले १९४१ साली. त्या वर्षीच्या १२ फेब्रुवारीस ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांच्या सहकाऱ्यांनी पूयदोषाने जर्जर झालेल्या एका पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा उपचार सुरू केला. रोग्यास आश्चर्यकारक उतार पडला. परंतु औषधाचा साठा संपला, आणि महिनाभरात तो दगावला. त्याच फेब्रुवारीच्या २८ तारखेस मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्‌घाटन झाले. हा निव्वळ योगायोग असला, तरी हे दोन प्रवाह लवकरच एकत्र यावयाचे होते. या रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या क्रमाने आलेल्या १००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. पश्चिमेकडे तुलनेने विरळ असलेला हा रोग येथे किती विपुल आहे, हे त्यावरून जगाच्या नजरेस आले. पुढे १९५५ साली पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले.

प्रतिजैविके, रक्तदानाची सोय व सुधारलेली भूल या तिहींच्या बळावर न्यूयॉर्क येथील हेज मार्टिन यांच्यासारख्या शल्यविशारदांनी १९४० नंतरच्या दशकात मुखातील गाठ, जबड्याचा भाग आणि मानेतील ग्रंथी एकाच वेळी काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया प्रचारात आणल्या. प्रतिजैविक देणे हा आता रिवाज झाला. परंतु रिवाज म्हणजे पुरावा नव्हे. औषध केव्हा द्यावे, किती दिवस द्यावे, मुळात त्याचा उपयोग होतो काय, यांविषयी प्रत्येकाचा अनुभव निराळा होता. कित्येकजण शस्त्रक्रिया संपल्यावर औषध सुरू करून आठवडाभर चालू ठेवीत.

या गोंधळात पहिला प्रकाश पडला तो बॉस्टन येथील जॉन बर्क यांच्या १९६१ सालच्या प्रयोगांनी. गिनीपिगच्या त्वचेत पूयजनक जंतु टोचून त्यांनी निरनिराळ्या वेळी प्रतिजैविक दिले. जंतु शिरण्यापूर्वी औषध ऊतींमध्ये पोहोचलेले असेल तर त्याचा परिणाम सर्वाधिक होई; तीन तासांनंतर दिलेले औषध जवळजवळ निरुपयोगी ठरे. अर्थात मात्रेइतकेच महत्त्व वेळेला होते. मुखाच्या व मानेच्या कर्करोगातील निर्णायक तुलना त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. बेकर व पॅरेल यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात, औषध न मिळालेल्या गटात ८७ टक्के रोग्यांच्या जखमा चिघळल्या, तर सेफाझोलिन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के राहिले. पुढे १९८६ साली जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, ऊतींचे कलम करून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांतही पाच दिवस औषध देऊन एका दिवसापेक्षा अधिक लाभ होत नाही. आज छेदापूर्वी सुमारे तासाभराच्या आत औषध देऊन ते साधारणतः चोवीस तासांत थांबवावे, असा जो दंडक आहे, त्याचा पाया असा घातला गेला.

या प्रदीर्घ इतिहासाचा बोध असा की, तोंडातील जंतु जखम दूषित करतात हे १८८० साली ठाऊक होते, त्यांना मारणारे औषध १९४१ साली मिळाले, आणि त्या औषधाने रोग्याचे निश्चित हित होते हे १९७९ साली सिद्ध झाले. पहिल्या दोन गोष्टींवरून तिसरी आपोआप सिद्ध झाली असे नव्हे; तिच्यासाठी वेगळी तुलना करावी लागली.

४. कर्करोगाच्या जंतूचा शोध

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतु शोधून काढल्यावर कर्करोगाचाही असाच एखादा जंतु असला पाहिजे, ही कल्पना साहजिकच बळावली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत असे कित्येक जंतु 'सापडले' आणि मागे पडले. गाठीत जंतु दिसे, तो वाढविताही येई. परंतु तो गाठीचे कारण आहे की गाठ कुजू लागल्यावर तेथे आलेला आहे, याचा उलगडा होत नसे. याच काळात न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी अगदी उलट वाट चोखाळली. त्वचेचा जंतुजन्य दाह झाल्यावर एका रोग्याचे अर्बुद नाहीसे झाल्याची नोंद वाचून त्यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या रोग्यांना जंतु, व पुढे मृत जंतूंचे अर्क, टोचण्यास आरंभ केला. म्हणजे एकाच वेळी एका पक्षाला जंतु हा कर्करोगाचा जनक वाटत होता, तर दुसऱ्याला तो त्याचा शत्रू वाटत होता.

यानंतरच्या दोन घटना विरोधी अर्थाने बोधप्रद आहेत. कोपनहेगनचे योहानेस फिबिगेर यांनी एका कृमीमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो असे प्रतिपादिले, आणि त्यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. उलटपक्षी पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या मांसार्बुदातून गाळून काढलेल्या द्रवाने दुसऱ्या कोंबडीला तोच रोग होतो हे दाखविले. त्या विषाणूच्या शोधाचे महत्त्व मान्य होऊन नोबेल पारितोषिक मिळावयास १९६६ साल उजाडले. एका प्रसंगी घाईने स्वीकार झाला, दुसऱ्या प्रसंगी दीर्घकाळ उपेक्षा झाली. यास्तव या क्षेत्रात श्रद्धा आणि अश्रद्धा दोन्ही सारख्याच महाग पडल्या आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

जंतु आणि कर्करोग यांचा संबंध निर्विवादपणे प्रस्थापित झाला तो जठराच्या बाबतीत. ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु वाढविला, आणि १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. येथे सर्वांत बोलका पुरावा दिला तो प्रतिजैविकाने. लंडन येथे १९९३ साली, जठराच्या एका सौम्य जातीच्या लसिकार्बुदाने ग्रस्त अशा सहा रोग्यांस जंतुनाशक औषधे दिली असता, पाच जणांच्या ठिकाणचे अर्बुद ओसरले. कारण दूर करावे आणि कार्य ओसरते काय ते पाहावे, अशी ही कसोटी होती. गाठीतील जंतूंच्या प्रश्नाला हीच कसोटी लावावयाची आहे. तथापि जठराच्या लसिकार्बुदाचे उत्तर जिभेच्या कर्करोगास लागू होईल, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

५. औषधाची वाटचाल

या प्रसंगी ज्या औषधाचे नाव वारंवार घेतले जाते ते मेट्रोनिडाझोल होय. त्याचा मुखाशी संबंध कसा आला, ही कथा मनोरंजक आहे. हे औषध मुळात स्त्रियांच्या एका परजीवीजन्य विकारासाठी १९५९ च्या सुमारास प्रचारात आले. लंडनमधील दंतवैद्य शिन यांच्याकडे आलेल्या एका स्त्रीने, त्या विकारासाठी हे औषध घेत असता आपल्या हिरड्यांचे व्रणही बरे झाले, असे सांगितले. शिन यांनी ते बोलणे कानाआड केले नाही. त्यांनी इतर रोग्यांवर औषध वापरून पाहिले व १९६२ साली ही माहिती प्रसिद्ध केली. हे व्रण म्हणजे प्लाउट आणि व्हँसाँ यांनी वर्णिलेलाच रोग. अवायुजीवी जंतूंवर हे औषध प्रभावी आहे, हे ज्ञान अशा रीतीने एका रोग्याच्या सहज बोलण्यातून हाती आले.

पुढे कर्करोगाच्या उघड्या, कुजलेल्या व्रणांची असह्य दुर्गंधी कमी करण्यासाठीही हे औषध वापरात आले. १९८४ साली इंग्लंडमध्ये तुलनात्मक परीक्षण करून त्याची उपयुक्तता दाखविण्यात आली. अर्बुदातील जंतु कमी करण्यासाठी दिलेले प्रतिजैविक, हे वर्णन या उपचारास पूर्णपणे लागू पडते. परंतु त्या वैद्यांचा हेतू रोग्याला व त्याच्या आप्तांना दुर्गंधीपासून सोडविण्याचा होता. कर्करोग हटविण्याचा नव्हता. जंतु हा अर्बुदाचा रहिवासी आहे हे त्यांस दिसत होते. त्याला अर्बुदाचा साथीदार मानण्याचे कारण त्यांच्यापाशी नव्हते.

६. गाठीतील वस्ती

हे कारण पुढे आले २०११ च्या अखेरीस. कॅनडा व अमेरिका येथील दोन स्वतंत्र गटांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमची जनुकीय द्रव्ये निरोगी भागापेक्षा विपुल असल्याचे दाखविले. तोंडाचा हा रहिवासी आतड्याच्या गाठीत कसा, या प्रश्नाने संशोधनास चालना मिळाली. त्यानंतर २०१७ साली बुलमन व सहकारी यांनी रोग्यांच्या आतड्यातील अर्बुदे उंदरांत रुजवून त्यांना मेट्रोनिडाझोल दिले. जंतु कमी झाले आणि अर्बुदाची वाढही मंदावली. याच प्रयोगात, ज्या प्रतिजैविकास हा जंतु दाद देत नाही त्याचा उपयोग झाला नाही, आणि ज्या अर्बुदात हा जंतु नव्हता त्यावर मेट्रोनिडाझोलचा विशेष परिणाम दिसला नाही. प्रयोगाचे खरे बळ या दोन प्रतितुलनांत आहे. कारण औषधाने थेट अर्बुदपेशींवरच परिणाम केला असावा, ही शंका त्यांमुळे बरीचशी दूर होते.

इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली सात प्रकारच्या १५२६ अर्बुदांची तपासणी करून त्यांतील जंतु बहुतांशी पेशींच्या आत असल्याचे नोंदविले. मुखाच्या अर्बुदांविषयी महत्त्वाचे निरीक्षण २०२२ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. मुखाच्या व आतड्याच्या कर्करोगात जंतु सर्वत्र सारखे पसरलेले नसून विशिष्ट कोनाड्यांत गोळा झालेले असतात, आणि त्या कोनाड्यांत रक्तवाहिन्या विरळ व शरीराचा प्रतिकार दबलेला असतो, असे त्यात आढळले. येथे लेव्हेनहूकच्या शिरक्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. जेथे रक्त कमी पोहोचते तेथे औषधही कमी पोहोचण्याचा संभव असतो, आणि जंतु पेशीच्या आत असेल तर औषधाला आणखी एक भिंत ओलांडावी लागते.

याच काळात एक धडाही मिळाला. अनेक कर्करोगांच्या उपलब्ध जनुकीय माहितीत प्रत्येकाची विशिष्ट जंतुमुद्रा आढळते, असे सांगणारा एक गाजलेला निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला होता. मानवी जनुकद्रव्याचेच काही तुकडे जंतूंचे म्हणून गणले गेले आणि गणिती संस्कारांतून खोटे भेद निर्माण झाले, असे पुढील फेरतपासणीत दिसून आले, आणि २०२४ साली तो निबंध मागे घेण्यात आला. अर्बुदात जंतु नसतातच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु सूक्ष्मदर्शकातून 'सापडलेल्या' जंतूंनी एकोणिसाव्या शतकास जसे चकविले, तसे संगणकातून 'सापडलेले' जंतु आपल्या शतकासही चकवू शकतात, एवढे यावरून दिसते.

७. परस्परविरोधी निष्कर्ष

मुखकर्करोगाच्या बाबतीत फ्युसोबॅक्टेरियम अहितकारकच आहे, असे मानण्याची घाई करता येत नाही. कारण येथे पुरावाच दुभंगलेला आहे. पॅरिसच्या क्यूरी संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली असे नोंदविले की, ज्या मुखकर्करोगांत हा जंतु होता त्या रोग्यांचे भवितव्य तुलनेने चांगले होते. लंडनमधील एका गटाने २०२४ साली याहीपुढे जाऊन, प्रयोगशाळेत हा जंतु शिर व मान येथील कर्करोगाच्या पेशींना मारक ठरतो, असे प्रसिद्ध केले. कोली यांची जुनी कल्पना निराळ्या वेषात परत आली की काय, असे वाटावे, अशी ही गोष्ट आहे.

याच्या नेमका उलट निष्कर्ष आपल्याकडून निघाला आहे. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०२२ साली जिभेच्या प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा जंतु दाहाशी आणि रोग्यांच्या कमी जगण्याशी निगडित आढळला. हे अर्बुद पॅपिलोमा विषाणूशी संबंधित नसलेल्या प्रकारचे होते.

हा विरोध कसा सोडवावा? रोगाची अवस्था, मुखातील नेमके स्थान, तंबाखू व मद्य यांचे सेवन, विषाणूचा सहभाग, जंतूची उपजाती आणि मोजण्याची पद्धती यांपैकी कोणताही भेद याच्या मुळाशी असू शकेल. मात्र रोग्यांवरील हे अभ्यास सहसंबंधाचे आहेत, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची होय. मोठी, आतून कुजलेली गाठ अवायुजीवी जंतूंना सोयीचे घर पुरविते; म्हणून गाठीचे स्वरूप हेच जंतूचे कारण असू शकते. जंतु गाठीच्या गाडीचा सारथी आहे की प्रवासी, हे गाडी थांबवून पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही.

या मतभेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. खारघरचा निष्कर्ष कार्यकारणाचा असेल, तर औषध देणे हितावह. लंडनचा निष्कर्ष रोग्याच्या शरीरातही खरा असेल, तर तेच औषध रोग्याच्या मित्राला मारील. ज्या देशात मुखकर्करोग हा पुरुषांतील अग्रगण्य कर्करोगांपैकी एक आहे, आणि जेथे मेट्रोनिडाझोल अल्प किमतीत मिळते, तेथे अशा औषधाचा वापर पुराव्याआधीच रूढ होण्याचा धोका अधिक आहे. पेनिसिलिननंतरच्या चाळीस वर्षांत हेच घडले होते.

८. शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट मुखकर्करोगाच्या नेहमीच्या उपचारक्रमातच आहे. रोगनिदानासाठी गाठीचा लहान तुकडा काढला जातो. त्यानंतर तपासण्या व शस्त्रक्रियेची तयारी यांत काही दिवस किंवा आठवडे जातात. मग संपूर्ण गाठ काढली जाते. म्हणजे एकाच रोग्याच्या एकाच गाठीचे दोन नमुने, एक औषधापूर्वीचा व एक औषधानंतरचा, कोणतीही जादा शस्त्रक्रिया न करता हाती येऊ शकतात. मधल्या काळात प्रतिजैविक देऊन जंतूंची संख्या, प्रतिकारक पेशींची उपस्थिती आणि अर्बुदपेशींची विभाजनगती यांत काय फरक पडला, ते पाहता येते. अशा मर्यादित परीक्षणांकडे संशोधक आता वळू लागले आहेत. आतड्याच्या खोल गाठीपेक्षा मुखातील गाठ डोळ्यांपुढे असते, हा येथील आणखी एक लाभ आहे.

परंतु वर वर्णिलेल्या इतिहासावरून अशा परीक्षणाच्या काही अटी निश्चित होतात. पहिली अट, औषध न मिळालेला गट हवाच. तुकडा काढल्यानेही गाठीत दाह उत्पन्न होतो. तो बदल औषधाच्या नावे जमा होता कामा नये. दुसरी अट, गाठीचा पृष्ठभाग सतत लाळेत भिजत असल्याने पृष्ठभागावरील जंतु व आतील जंतु वेगळे मोजले पाहिजेत. नाहीतर नुसती चूळ भरल्याचा परिणामही उपचाराचा विजय म्हणून मिरविला जाईल. तिसरी अट, कोणते जंतु कमी झाले व कोणते वाढले, हे दोन्ही पाहिले पाहिजे. मेट्रोनिडाझोल अवायुजीवींना मारते; तोंडातील अनेक मालाजंतूंना ते स्पर्श करीत नाही, आणि रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. चौथी अट, औषधासाठी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता कामा नये. औषध प्रतीक्षेच्या काळात बसले पाहिजे, प्रतीक्षा औषधासाठी वाढता कामा नये.

पाचवी गोष्ट नव्या काळाची आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर देण्याची पद्धती, शिर व मान येथील वाढलेल्या कर्करोगांसाठी, २०२५ साली एका मोठ्या परीक्षणाच्या आधारे अमेरिकेत संमत झाली. परंतु आतड्यातील जंतुसृष्टी प्रतिजैविकांनी विस्कटली असता अशा औषधांचा गुण कमी येतो, असे निरीक्षण फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ सालीच नोंदविले आहे. तेव्हा गाठीतील जंतु मारण्यासाठी पोटातून दिलेली गोळी आतड्यात काय करते, याचाही हिशोब ठेवावा लागेल. शिवाय औषधास न जुमानणाऱ्या जंतूंच्या वाढीचे सर्वसाधारण संकट आहेच.

९. उपसंहार

या दोन प्रश्नांचे इतिहास शेजारी शेजारी ठेवले असता त्यांतील साम्य स्पष्ट दिसते. जखमेच्या प्रश्नात जंतु दिसणे, जंतु मरणे व रोग्याचे हित होणे या तिन्ही पायऱ्या क्रमाने चढल्या गेल्या. त्यासाठी कोखर यांच्या स्पंजापासून १९८६ च्या परीक्षणापर्यंत शंभर वर्षे लागली. गाठीच्या प्रश्नात आपण पहिली पायरी चढलो आहोत, तीही एकदा घसरून. दुसरी पायरी उंदरांत चढून झाली आहे. माणसाच्या तोंडात तिची चाचणी व्हावयाची आहे. तिसरी पायरी, म्हणजे रोगी अधिक काळ व अधिक सुखाने जगला काय, ही अद्याप पुढे आहे. आणि गाठीतील जंतु घटल्याचा कोणताही आकडा तिची जागा घेऊ शकत नाही.

खानोलकरांनी १९४४ साली ज्या सहस्र रोग्यांचा आढावा घेतला, त्यांच्यासारखेच रोगी आजही परळ व खारघर येथे येत असतात. पॅरिस, लंडन आणि खारघर यांच्या निष्कर्षांतील विरोध सोडविण्यास लागणारे रोगी, नमुने व शल्यकौशल्य येथे जितके एकत्र आहे तितके क्वचितच कोठे असेल. टाटा रुग्णालयात झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणाने, प्रारंभिक मुखकर्करोगात मानेतील ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, या जुन्या वादाचा निकाल लावला. आधी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८०.० टक्के रोगी हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. असल्या वादांचा निकाल येथून लागू शकतो, याला हे उदाहरण पुरेसे आहे. प्रतिजैविकाचा हा प्रश्नही त्याच रीतीने, रिवाज रूढ होण्यापूर्वी, तुलनेच्या कसोटीला लावला गेला, तर मागील शतकातील चाळीस वर्षांचा विलंब या वेळी टळेल.